पाऊस धुऱ्याच्या पलीकडे

वाशीम जिल्ह्यात मालेगावहून शेलूबाजारच्या रस्त्याला लागले की वाटेत किन्हीराजा लागते. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना मोठा रस्ता गावाला लागूनच जातो. अकोला–पूर्णा मार्गावरचे जऊळक्याचे रेल्वे स्टेशन फार दूर नाही. समृद्धी महामार्गही याच पट्ट्यातून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. म्हणजे गाव काही आडबाजूला नाही. पण भरधाव जाणाऱ्या प्रवाशाला किन्हीराजा दिसते ते एवढेच : चहाची हॉटेले, खते-बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर काळी वावरे. जूनमध्ये ती उघडी असतात, ऑगस्टमध्ये सोयाबीनने हिरवीगार होतात आणि दसऱ्याच्या सुमारास पिवळी पडतात.

गावाच्या नावात राजा आहे. पण इथला खरा राजा कोण, असे विचारले तर लहान पोरही आभाळाकडे बोट दाखवील. हा राजा मोठा लहरी आहे, आणि त्याच्याविषयी कुरकूर करणे हा इथल्या प्रजेचा जन्मसिद्ध हक्क आहे. शेतीविस्ताराच्या कामानिमित्त या भागात माझे जाणेयेणे असते. ही कुरकूर मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे, आणि तिचा मला कंटाळा आलेला नाही. कारण या कुरकुरीत शेतीचा मोठा अभ्यास दडलेला असतो. फक्त त्याला एका गोष्टीची जोड हवी आहे. ती कोणती, हेच आज सांगायचे आहे.

दोन समुद्रांचे पाणी

मालेगाव–वाशीमच्या या पठाराची एक गंमत आहे. काटेपूर्णा नदी याच जिल्ह्यात उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे उतरते आणि पूर्णेला मिळते. पूर्णेचे पाणी तापीतून अरबी समुद्राला जाते. अडाण आणि अरुणावती या नद्याही याच जिल्ह्यातल्या. पण त्यांचे पाणी पैनगंगेत जाते आणि पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे एकाच ढगातून पडलेला एक थेंब पश्चिमेच्या समुद्राला, तर दुसरा पूर्वेच्या समुद्राला. ही हकीकत मी एकदा बैठकीत सांगितली तेव्हा मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "म्हंजे साहेब, आमचं पानी दोन-दोन समुद्र भरते, अन् आमची इहीर काई भरत नाई!"

सगळे हसले, पण आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. हा उंचावरचा मुलूख. वरून वाहून येणारे पाणी नाही. जे आभाळातून पडेल तेच आपले, आणि तेही उताराने निघून जाते. त्यामुळे बहुतेक शेती पावसावरची. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, विहिरीने साथ दिली तर रब्बीत हरबरा किंवा गहू. जिल्ह्याची पावसाची सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास आहे. कागदावर हा आकडा वाईट दिसत नाही. पण पीक सरासरीवर येत नाही. वीस दिवस कोरडे गेले आणि एका रात्रीत शे-सव्वाशे मिलिमीटर कोसळला, तर सरासरी भरते; वावरातले पीक मात्र आधी वाळते आणि मग सडते.

कुरकुरीचे नाना प्रकार

बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात बसले की कुरकुरीचे सगळे प्रकार ऐकायला मिळतात. पहिला मान अर्थातच धुऱ्यापलीकडच्या पावसाला. "नाल्याच्या तिकडं धो धो, अन् माह्या वावरात फुफाटा उडते!" आपल्याकडे म्हणतातच, बैलाचे एक शिंग ओले आणि एक कोरडे, असा हा पाऊस.

दुसरी कुरकूर फवारणीची. सकाळी आभाळ निरभ्र पाहून औषध मारावे आणि दुपारी पावसाने ते धुऊन न्यावे. औषध गेले, मजुरी गेली, पाठीवर पंप वाहिला ते वेगळेच. तिसरी विजेची. ढग दाटले की लाइन जाते. आणि पावसाने ओढ दिल्यावर विहिरीतले चार घागरी पाणी पिकाला द्यावे म्हटले, तर पाळी रात्रीची असते. काठी आणि बॅटरी घेऊन अंधारात वावर गाठायचे. चौथी पांदणीची. काळ्या मातीचा चिखल असा चिवट, की चप्पल हातात, खताची बॅग डोक्यावर आणि फटफटी रस्त्यावर झाडाखाली उभी. चाक आणि मडगार्ड यांच्यात माती बसली की यंत्राचा काही उपयोग नाही, माणसाचे पायच खरे. शिवाय पाऊस वेळेवर येऊन पीक डोलू लागले, की रोह्यांचा कळप रात्री हजेरी लावून जातोच.

मायबहिणींची कुरकूर वेगळी, आणि ती हॉटेलात ऐकू येत नाही. त्यासाठी ओसरीवर बसावे लागते. एप्रिलमध्ये कुरडया-पापड वाळत घालावेत आणि दुपारी वाऱ्यावादळासह अवकाळी सरी याव्यात. गोवऱ्या ओल्या, सरपण ओले, चूल नुसती धुमसते. श्रावणात पोरांचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. लग्नाच्या मांडवात गारा पडल्याच्या आठवणी तर घरोघरी आहेत. 11 फेब्रुवारी 2018 ला विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तिचा तडाखा वाशीम जिल्ह्यालाही बसला. काढणीला आलेला हरबरा आणि गहू डोळ्यांदेखत झोपला.

एका आजीने मला आपले शास्त्र सांगितले. "मिठाच्या बरनीले पाझर सुटला का पानी जवळ आलं समजा. मंग रेडू काई का सांगेना." यात तथ्य आहे. हवेतला ओलावा वाढला की मीठ पाणी ओढून घेते, पापड सादळतो, दाराची लाकडी फळी फुगून घट्ट बसते. ओलावा वाढला म्हणजे पाऊस येईलच असे नाही. पण ओलाव्याशिवाय पाऊस येत नाही, हे नक्की.

म्हणून मी म्हणतो की ही नुसती कुरकूर नाही, ही निरीक्षणे आहेत. त्यांत उणीव एवढीच, की तारीख नसते आणि माप नसते. एकाचे "लय पडला" म्हणजे वीस मिलिमीटर असते, दुसऱ्याचे साठ. आठ दिवसांनी विचारावे तर कोणता पाऊस मंगळवारचा आणि कोणता बाजाराच्या दिवसाचा, यावरच वाद होतो.

रेडिओ खोटे बोलतो काय?

हवामानाच्या अंदाजावर गावागावांत राग आहे. पण अंदाजातील शब्दांचा अर्थ नीट माहीत असेल तर राग निम्मा होतो. हवामान खाते "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणते तेव्हा त्याचा अर्थ असा, की त्या भागातील पावसाच्या नोंदी घेणाऱ्या शंभर ठिकाणांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी पाऊस होईल. "काही ठिकाणी" म्हणजे सव्वीस ते पन्नास, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर, आणि त्याहून जास्त असेल तर "बहुतेक ठिकाणी". म्हणजे "तुरळक" ऐकून आपण फवारणी थांबवली आणि पाऊस आला नाही, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही; आपण उरलेल्या पंचाहत्तरांत होतो, इतकेच.

पावसाच्या जोराचेही ठरलेले माप आहे. दिवसभरात अडीच मिलिमीटर पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. सुमारे साडेपंधरापर्यंत हलका, त्यापुढे साडेचौसष्टपर्यंत मध्यम, तिथून एकशे पंधरापर्यंत मुसळधार आणि त्याहून वर अतिमुसळधार.

धुऱ्यापलीकडे पाऊस पडतो त्यालाही कारण आहे. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जमीन तापून जे उंच गडगडाटी ढग तयार होतात, त्यांचा विस्तार थोड्याच किलोमीटरचा असतो. असा ढग एका शिवारावर रिता होतो आणि शेजारच्या शिवाराला नुसता गार वारा देऊन जातो. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाची क्षेत्रे येतात, तेव्हा पाऊस सर्वदूर आणि संततधार असतो. पण पावसाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे उघडीप पडते. त्यालाच आपण खंड म्हणतो. ऑगस्ट 2023 मध्ये तसेच झाले. 1901 पासूनच्या नोंदींत देशभराचा इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही.

अंदाज सांगणारी यंत्रणा पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. मे 2025 पासून देशात 'भारत फोरकास्ट सिस्टिम' वापरात आली. ती देशाचे सुमारे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून अंदाज काढते. त्याआधी हे चौकोन बारा किलोमीटरचे होते. ही मोठी प्रगती आहे. पण सहा किलोमीटरच्या चौकोनात किन्हीराजासारख्या गावाचे सगळे शिवार बसूनही जागा उरते. यंत्राला नाल्याची अलीकडची आणि पलीकडची बाजू अजून दिसत नाही.

मग पंचांगाचे काय? आपल्या पावसाच्या नक्षत्रांचा मेळ सूर्याच्या भ्रमणाशी आहे. म्हणूनच मृग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो आणि दर तेरा-चौदा दिवसांनी पुढचे नक्षत्र लागते. हंगामाची ही उत्तम दिनदर्शिका आहे. म्हातारी माणसे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात, त्यात पिढ्यांचा अनुभव आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. ते ऐकायला लांबून शेतकरी जातात. श्रद्धेचा मान राखावा. पण नक्षत्र हंगाम सांगते, दिवस सांगत नाही. आणि वाहन बेडूक असो की गाढव, आपल्या वावरात किती पडला हे ते सांगू शकत नाही.

घरचा डबा

ते सांगणारी वस्तू आपल्या घरातच आहे. सपाट बुडाचा आणि उभ्या भिंतीचा एक डबा घ्यावा. वर रुंद, खाली निमुळता असा चालणार नाही. डबा लहान असो की मोठा, भिंती सरळ असल्या की आत साचलेल्या पाण्याची खोली तेवढीच भरते. शाळेच्या पट्टीने ही खोली मिलिमीटरमध्ये मोजली की झाला आपला पाऊस. पट्टीचा शून्य टोकापासून थोडा वर असेल तर तेवढे अंतर मिळवायला विसरू नये.

डबा उघड्यावर ठेवावा. घर किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. वाऱ्याने किंवा शेळीने कलंडू नये म्हणून भोवती दगड रचावेत. जमिनीवरचे शिंतोडे आत उडू नयेत इतका तो वर असावा. रोज सकाळी साडेआठला मोजावे आणि पाणी ओतून टाकावे. हवामान खातेही हीच वेळ पाळते, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहावा. पाऊस नसेल तर शून्य लिहावे. शून्यही महत्त्वाचे असते, कारण खंड किती दिवसांचा झाला ते शून्येच सांगतात. हे काम घरातल्या मुलामुलींकडे द्यावे, ती ते चोख करतात. फक्त विजा कडाडत असताना कोणीही डबा पाहायला उघड्यावर जाऊ नये. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे; घरातल्या एका तरी फोनमध्ये ते असावे.

आता या आकड्याचा हिशेब पाहा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. दहा मिलिमीटरची सर आली तर एकरी चाळीस हजार लिटर पडले. पंच्याहत्तर मिलिमीटर झाला तर तीन लाख लिटर. हा हिशेब कळला की शेततळे, बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पेरणीची घाई

या डब्याची खरी परीक्षा जूनमध्ये होते. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी, असे कृषी विद्यापीठे सांगतात. कारण साधे आहे. उन्हाळाभर तापलेली काळी जमीन भेगाळलेली असते. वीस-पंचवीस मिलिमीटरने वरचा थर भिजतो, बी फुगते, अंकुर निघतो; खाली ओल नसते. पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली की तो अंकुर जळतो.

या भागातल्या एका घरची, एका जूनमधली गोष्ट सांगतो. पाच एकरांचे दीडशे किलो बियाणे घरी आणून ठेवलेले. आठवीतल्या मुलीकडे डबा आणि वही. पहिल्या दिवशी 9, मग 22, मग 11. पाच दिवसांत बेरीज 42. शेजाऱ्यांनी पेरणी सुरू केली. धनी अस्वस्थ. "सारं गाव पेरते, आपनच काहून हातावर हात ठिऊन बसाचं?" घरधनीण म्हणाली, "बियानं काई फुकट नाई आलं. पोरीच्या वहीत बेचाळीसच हाय. ते शंभराच्या जवळ जाऊ द्या." मोठा खटका उडाला. आठ दिवस कोरडे गेले. नवव्या रात्री 38 मिलिमीटर पडला; बेरीज 80 झाली आणि तिफण निघाली.

पुढे मी गेलो तेव्हा ती माउली सांगत होती, "आठ दिवस पोरीचे बाबा पोरीसंगं बोलले नाई, साहेब. जशी का पोरीनंच पानी आडवला!" शेजारच्या हलक्या जमिनीत पहिली पेरणी विरळ उगवली आणि काहींना दुसऱ्यांदा बियाणे घ्यावे लागले. पण हेही सांगितले पाहिजे, की ज्यांची जमीन भारी आणि खोलगट होती, त्यांची पहिली पेरणी साधली आणि त्यांचे पीक आठ दिवस पुढे राहिले. थांबणे दर वर्षी फळेलच असे नाही. मात्र त्या घरात निर्णय झाला तो शेजाऱ्याच्या तिफणीकडे पाहून नव्हे, तर आपल्या वावरातल्या पाण्याकडे पाहून झाला. वर्षाचे बियाणे जेव्हा पणाला लागलेले असते, तेव्हा हा फरक लहान नाही.

त्याबरोबरच दोन गोष्टी कराव्यात. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरते. आणि रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरावे. पाऊस कमी झाला तर वरंब्यात ओल टिकते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते. लहरी राजाशी वागण्याची ही दोन्ही बाजूंची तयारी आहे. अधिक माहितीसाठी रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि अकोल्याला 1969 मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे.

पोळ्यानंतरचा पाऊस

आपल्याकडे म्हण आहे, "आला पोळा अन् पाऊस झाला भोळा." पोळ्यानंतर पावसाचा जोर ओसरतो, असा जुन्यांचा अनुभव. अलीकडे मात्र हा भोळेपणा पुष्कळदा दिसत नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने सोंगून पडलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब आणले, ते कोण विसरेल? सोयाबीन साधारण शंभर दिवसांचे पीक. जूनअखेर पेरलेले पीक नेमके परतीच्या पावसाच्या तोंडी काढणीला येते. म्हणून सोंगणीच्या आठवड्यात आभाळाकडे आणि अंदाजाकडे दोन्हीकडे लक्ष हवे. गंजी उंचवट्यावर लावावी, ताडपत्री आधीच आणून ठेवावी आणि शेंगा ओल्या असताना मळणीची घाई करू नये.

ओल्या मालाची पुढची कुरकूर बाजारात सुरू होते. तिथे दाण्यात ओलाव्याचे यंत्र खुपसतात आणि भाव खाली येतो. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती 15 टक्क्यांपर्यंत सवलत दिली होती. सवलतीच्या भरवशावर राहण्यापेक्षा दोन दिवस कडक उन्हात माल पसरणे हातचे आहे.

नुकसानभरपाईचा प्रश्नही मापाशीच येऊन थांबतो. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर आपल्या राज्यात ती अतिवृष्टी धरतात. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततच्या पावसालाही आपत्ती मानण्याचे ठरविले. त्यातही सलग पाच दिवस रोज किमान 10 मिलिमीटर, हे माप आहे. किन्हीराजा हे मालेगाव तालुक्यातले एक महसूल मंडळ. राज्यात दोन हजारांहून अधिक मंडळांत 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. मंडळाला केंद्र एक आणि गावे मात्र अनेक. केंद्रावर 50 मिलिमीटर नोंदला जातो आणि चार कोसांवरच्या नाल्याकाठी 90 पडून बांध फुटतो, असे होऊ शकते.

घरच्या डब्याचा आकडा सरकारी कागदावर चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण एकाच गावातल्या दहा घरांच्या वह्यांत त्याच तारखेला 85, 90, 88 असे आकडे असतील, सोबत खरडलेल्या वावराचे त्याच दिवशीचे फोटो असतील, तर पाहणीची मागणी करणाऱ्या अर्जाला वजन येते. "लय पडला, साहेब" याला ते येत नाही.

इतरांनी काय केले

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचे शहर आहे. जुलै 1997 मध्ये त्या शहराच्या एका टोकाला दीड दिवसाच्या आत चौदा इंचांहून जास्त पाऊस कोसळला आणि पुरात पाच माणसे गेली. काही मैलांवर दुसऱ्या टोकाला दोन इंचांच्या आसपासच पाऊस होता. इतकी यंत्रे असलेल्या देशातही नेमका पाऊस कुठे पडतो आहे, हे वेळेवर कळले नाही. त्यानंतर 1998 मध्ये तिथल्या हवामानतज्ज्ञांनी सामान्य नागरिकांच्या घरी साधी पर्जन्यमापके बसवून त्यांच्या रोजच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. शेतकरी, शिक्षक, शाळकरी मुले त्यात आली. आज ते जाळे साऱ्या अमेरिकेत आणि बाहेरही पसरले आहे. म्हणजे धुऱ्यापलीकडच्या पावसाची कुरकूर एकट्या किन्हीराजाची नाही, आणि तिच्यावरचा उपायही तोच निघाला.

आपल्याच राज्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणलोटाची कामे केली, आणि त्याबरोबर गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत घातली. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, ते पाहून यंदा कोणते पीक घ्यायचे आणि कोणते नाही, हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला तर तिथेही कुरकूर होत असेलच. पण ती आकडा मांडून होते आणि निर्णयावर येऊन थांबते.

किन्हीराजा परिसरात अशा वह्या दहा-वीस घरी जरी राहिल्या, तरी पाच वर्षांत त्या शिवाराचा पाऊस कसा वागतो हे गावाला कळेल. मृगात किती पडतो, खंड बहुधा कोणत्या पंधरवड्यात येतो, नाल्याच्या कोणत्या बाजूला जास्त पडतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते गावानेच लिहायचे आहे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, कुरकूर करू नका असे मी सांगणार नाही. ज्याची वर्षाची भाकरी आभाळावर टांगलेली आहे, त्याने थोडे कुरकुरावेच. मन हलके होते. पण डबा आधी ठेवा आणि कुरकूर मागून करा. येत्या रोहिणीत घरातला एक सरळ भिंतीचा डबा शोधून, घासून, अंगणाच्या कडेला दगडांत बसवा आणि पट्टी पोरांच्या हाती द्या. दिवाळीला महिनावार बेरीज करून ती ग्रामसभेत वाचा. पाऊस आपल्या हातात नाही, तो किती पडला हे सांगणे मात्र आपल्या हातात आहे.